मागच्यानं वाजवायची घंटा

मंडळी, आज एक प्रश्न विचारते आणि थेट गोष्टीत उतरते. झांजेला आज नवा हात आहे, ताल एखाद्या वेळी मागेपुढे होईल, सांभाळून घ्या. माझ्यामागे झांज घेऊन जे उभे राहायचे, ते या वर्षी नाहीत. तुम्हांला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. पुढे जाऊ.

प्रश्न असा. कोणी तुमच्या कानाशी आलं आणि हळूच काही सांगितलं. मनातलं, दुसऱ्या कोणालाही न सांगितलेलं. सांगून झालं, माणूस निघून गेला. आता ते सांगितलेलं कोणाचं? ज्यानं सांगितलं त्याचं, की ज्यानं ऐकलं त्याचं?

पुढच्या रांगेतल्या आजी म्हणताहेत, ज्यानं सांगितलं त्याचं. बरं. मागे खांबाला टेकलेले दादा म्हणताहेत, एकदा कानात पडलं की ऐकणाऱ्याचं. दादा, तुमच्या शेजारी वहिनी बसल्या आहेत, आणि त्या आता तुमच्याकडे बघताहेत. घरी गेल्यावर सांभाळा!

तर ऐका. गोष्ट पुराणातली नाही, आपल्याच दिवसांतली आहे.

पिंपरोळी नावाचं गाव. गावाबाहेर टेकडी, टेकडीवर कमळेश्वराचं देऊळ. देवासमोर नंदी — काळ्या दगडाचा, एक पाय पुढे घेऊन बसलेला, हाक मारली तर उठेल असा. शंकराच्या देवळात नंदीच्या कानात मनातलं सांगायचं, ही रीत तुम्हांला माहीतच आहे. पलीकडच्या कानावर हात ठेवायचा आणि अलीकडच्या कानात बोलायचं. पलीकडचा कान का झाकायचा? तर या कानातून आत गेलेलं त्या कानातून बाहेर पडू नये म्हणून. आमच्याकडे काही नवरे मंडळींचाही एक कान असाच झाकावा लागतो, पण ते असो.

पिंपरोळीत या रीतीला आणखी एक जोड होती, आणि सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. तुम्ही नंदीपाशी वाकलात, की रांगेत तुमच्या मागे जो असेल त्यानं घंटेची दोरी धरायची. तुमचं सांगून होईपर्यंत घंटा वाजवत राहायचं. का? तुमचा शब्द त्याच्या कानावर पडू नये म्हणून. दुसऱ्याचं ऐकू येऊ नये म्हणून आपणच आवाज करायचा! मागचा माणूस ओळखीचा असो, नसो. बांधावरून तुमच्याशी कोर्टात भांडणारा चुलतभाऊ असो. तुम्ही वाकलात की त्यानं वाजवायची, तो वाकला की त्याच्या मागच्यानं. रांगेतल्या शेवटच्या माणसासाठी कोण? जो आधी सांगून मोकळा झाला तो थांबायचा. एकटाच कोणी आला तर गुरव वाजवायचा. आणि गुरव जेवायला गेला असेल तर? तर थांबायचं. कोणीतरी येईपर्यंत नंदीच्या कानाशी गप्प उभं राहायचं. घंटेशिवाय बोलायचं नाही.

*एका कानी ठेविला हात,*
*दुज्या कानी मनोगत,*
*देवा राहू दे ते आत,*
*तुझ्यामाझ्यात.*

या देवळात एक गृहस्थ यायचे. काशिनाथ ठोसर. कराडला एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घरी त्यांना अण्णा म्हणत. दर सोमवारी ड्युटी संपली की पिंपरोळीची गाडी धरायची, टेकडी चढायची, नंदीला काय ते सांगायचं आणि परत. बोलायला अगदी कमी. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे, पण घरात कोणी रुसलं तर ते त्यांना चार दिवसांनी कळायचं. बायको लवकर गेली. एक मुलगी, वैजयंती. वैजू.

वैजू लहान असताना त्यांच्याबरोबर टेकडीवर जायची. पहिल्यांदा गेली तेव्हा अण्णा नंदीपाशी वाकले आणि ही खाली वाकून, मान तिरकी करून, ऐकायला लागली. मुलंच ती. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी तिला उचललं, घंटेची दोरी तिच्या मुठीत दिली आणि म्हणाले, "तू वाजव." तिनं जीव खाऊन वाजवली. उतरताना वाटेत तिनं विचारलंच, "अण्णा, तुम्ही काय सांगितलं?"

अण्णा म्हणाले, "घंटा कोण वाजवत होतं?"

"मी."

"मग झालं तर."

हे एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

वैजू मोठी झाली. लग्न झालं, सोलापूरला दिली. ते लग्न मोडलं. का मोडलं? बघा, सगळे कसे सरसावून बसलात! मला माहीत असतं तरी सांगितलं नसतं. ते तिचं आहे.

एप्रिलच्या उन्हात, भर दुपारी, ती बॅग घेऊन कराडच्या घरी आली. अण्णांनी दार उघडलं. बॅगेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. बाजूला झाले आणि म्हणाले, "उन्हातून आलीस. पंख्याखाली बस." झालं. का आलीस नाही, किती दिवस नाही, त्यांना कळवलंस का नाही. घरात पंखा एकच, पुढच्या खोलीत, आणि त्याच्याखाली अण्णांची खाट. संध्याकाळी त्यांनी आपली खाट ओढून भिंतीशी नेली आणि वैजूची तिथं टाकली. ती कायमचीच.

पुढे तिला कोल्हापूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. ती दर रविवारी घरी यायची. बापलेक एकमेकांसमोर बसून जेवायचे. भाजीत मीठ कमी आहे का, गाडीला गर्दी होती का, असं बोलायचे. पण माणसाला शब्द हवा असतो, मंडळी. वैजूच्या मनात कायम एकच. अण्णांना माझी लाज वाटते का? मी परत जावं असं त्यांना वाटतं का? की मी आले ते त्यांना बरं वाटलं? विचारायचं धाडस झालं नाही. बाप समोर बसलेला असतो तोवर वाटतं, विचारू की पुढच्या रविवारी.

इकडे अण्णांचे गुडघे गेले. टेकडी बंद झाली. सोमवार आला की नुसते दाराशी खुर्ची टाकून बसायचे.

त्याच सुमारास कमळेश्वर संस्थानची वेबसाइट आली. संस्थानचे सचिव खासनीस सर, निवृत्त मुख्याध्यापक. सज्जन माणूस, देवळाच्या पैशातला चहासुद्धा न घेणारा. त्यांच्या मनात आलं, गावची माणसं मुंबईला, सुरतेला, दुबईला गेली, त्यांना नंदी कुठून मिळणार? तेवढ्यात एक कंपनी दारात आली. म्हणाली, आम्ही तुम्हांला वेबसाइट फुकट करून देतो, देवाची सेवा म्हणून. सर हरखले. ऐन यात्रेच्या धांदलीत त्यांनी करारावर सही केली.

वेबसाइट फार सुरेख झाली. उघडली की नंदीचा फोटो, आणि त्याच्या कानापाशी एक चौकट — 'नंदीच्या कानात सांगा'. चौकटीत मनातलं लिहायचं आणि 'पाठवा' दाबायचं. पण त्याआधी? त्याआधी नाव लिहा. गाव लिहा. जन्मतारीख. मोबाईल नंबर. लग्न झालं आहे का. घरात आजारी कोण. मंडळी, नंदीनं आजवर कोणाचं नाव विचारलं होतं का? तुम्ही परवा साडी घेतलीत, दुकानदारानं मोबाईल नंबर मागितला, तुम्ही दिलात. कशाला? साडी घरी पोचल्यावर फोन करणार होती का? पण कोणी मागितलं की आपण देतो. नाही म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं.

आणि या सगळ्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, पुष्कळ काही लिहिलेलं. तुमच्या माहितीचं आम्ही काय करू, कोणाला देऊ, किती दिवस ठेवू. त्याखाली चौकोन — 'मला हे मान्य आहे'. ते सगळं वाचून मग चौकोनावर बोट ठेवणारा कोणी इथे आहे? हात वर करा. कोणी नाही. मीही नाही. मंगलाष्टकांतलं आपण काय ऐकतो? 'सावधान' आलं की अक्षता टाकतो. तसंच हे. शब्द 'सावधान' आहे, तो कानावर पडतो, आणि आपण हातातलं टाकून मोकळे होतो!

वैजूनंच हे अण्णांच्या फोनवर लावून दिलं. त्यांचं नाव, तारीख, सगळं तिनं भरलं. चौकोनावर तिनंच बोट ठेवलं. अण्णांनी चष्मा पुसून नंदीकडे बघितलं आणि विचारलं, "आणि घंटा कोण वाजवणार?"

वैजूला हसू आलं. "अण्णा, इथे कोण ऐकायला बसलंय?"

घंटा होती बरं का वेबसाइटवर. 'पाठवा' दाबलं की टण्ण करून आवाज यायचा. सगळं सांगून झाल्यावर!

पण अण्णांचे सोमवार परत आले. खुर्ची दाराशी, फोन मांडीवर, एका बोटानं एकेक अक्षर. वैजू घरी असली तर ती उठून आत जायची. शेवटी दवाखान्यात होते तेव्हाही एक सोमवार आला. त्यांनी हातानं खूण केली, फोन दे. तिनं दिला आणि चहा आणते म्हणून बाहेर गेली. परत आली तेव्हा फोन छातीवर होता आणि ते झोपले होते. पुढचा सोमवार त्यांना मिळाला नाही.

अण्णा गेले. दिवस झाले, माणसं आपापल्या घरी गेली. वैजूनं अण्णांचा फोन बंद केला नाही. रोज चार्ज करून उशाशी ठेवायची. का? ज्यांच्या घरात असा एखादा फोन आहे त्यांना विचारा.

आणि एक दिवस तो वाजला.

बाईचा आवाज, साखरेसारखा. "नमस्कार ठोसरकाका, मी कमळेश्वराच्या नंदीकडून बोलतेय."

नंदीकडून! इतकी वर्षं बिचारा तोंड मिटून बसला, आणि आता त्यानं माणसं ठेवून फोन करायला सुरुवात केली! बाई आपली बोलत राहिली. काका, तब्येत बरी आहे ना, गुडघे काय म्हणतात. काका, तुम्ही दर सोमवारी मुलीबद्दल जे सांगता ना, त्यावर आमच्या गुरुजींनी खास यंत्र सिद्ध केलं आहे, घरात ठेवलंत की तुमच्या मनासारखं होणार.

वैजूनं विचारलं, "काय सांगायचे ते?"

बाई थांबली. "आपण कोण?"

"मी ती मुलगी."

फोन बंद.

आता तुम्ही म्हणाल, वैजू भडकली असेल. नाही हो. राग नंतर आला. आधी तिनं त्याच नंबरावर उलटा फोन लावला. पुन्हा लावला. दिवसभर लावत राहिली. भांडायला नाही — विनवायला! तिच्या मनात हेच की बाईला सांगावं, मी तुझं यंत्र घेते, दोन घेते, पण अण्णा काय म्हणाले तेवढं मला वाचून दाखव. तो नंबर पुन्हा लागलाच नाही. आपल्या बापाच्या मनातलं त्या परक्या बाईला ठाऊक आहे, यंत्र विकणाऱ्या गुरुजींना ठाऊक आहे, आणि आपल्याला नाही. याच्याएवढं एकटं माणसाला कधी वाटत असेल, मंडळी?

तिनं कमळेश्वराची गाडी धरली.

संस्थानचं ऑफिस देवळाच्या ओवरीतच आहे. खासनीस सर होते, आणि पावत्या करणारी सुवर्णा होती, गावातलीच मुलगी. वैजूनं झालं ते सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, असं होणं शक्य नाही, आम्ही भक्तांची माहिती कोणाला विकलेली नाही, आणि त्या वेबसाइटचा एक पैसाही आम्ही घेतला नाही की दिला नाही.

वैजू म्हणाली, "तुम्ही पैसा दिला नाहीत. मग त्यांनी काय घेतलं?"

सरांनी कपाटातून करार काढून सुवर्णाला दिला, म्हणाले, माझा चष्मा घरी राहिला, तू वाच. तिनं वाचलं. आलेली माहिती कंपनी आपल्या सहयोगी संस्थांना देऊ शकेल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. चष्मा सरांच्या खिशातच होता. वैजूला दिसत होता.

लबाड माणसानं फसवलं तर शिव्या देता येतात. इथे लबाड तर होतेच, पण दार भल्या माणसानं उघडून दिलं होतं. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात अशी भली माणसं बसलेली असतात. आपण दुसऱ्याचं काहीतरी हातात धरलेलं आहे, हेच त्यांच्या लक्षात येत नाही.

सर उठले. हात जोडून म्हणाले, "बाई, झालं ते मला भरून देता यायचं नाही. पण तुमच्या वडिलांचं जे आहे ते इथे मशीनमध्ये आहे. तुम्ही वाचा. तुमच्याइतका हक्क दुसऱ्या कोणाचा?" आणि सुवर्णाला उघडायला सांगितलं.

सुवर्णानं उघडलं, खुर्ची वैजूला दिली आणि पाठ फिरवून दारात जाऊन उभी राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पिंपरोळीची मुलगी होती.

पडद्यावर अण्णांचं नाव. खाली एकाखाली एक सोमवार. प्रत्येक सोमवारापुढे पहिला शब्द तेवढा दिसत होता आणि मग टिंबं. पुढचं वाचायचं तर त्यावर बोट दाबायचं.

वैजूला…

वैजूला…

वैजूला…

मध्ये एकदा 'गुडघे…'. आणि खाली पुन्हा वैजूला… वैजूला… पान खाली सरकवत गेली तरी तेच. अगदी शेवटी दवाखान्यातला सोमवार. 'वैजूला…'

ज्या माणसाच्या तोंडून आपलं नाव दिवसातून एकदा निघालं तर निघायचं, त्यानं सोमवारमागून सोमवार, एका बोटानं, पहिला शब्द आपलं नाव लिहिलेलं होतं. तिनं पडद्यावर हात ठेवला. काच गरम होती.

आणि पुढचं? वैजूला सुखी ठेव? वैजूला परत नांदायला जायची बुद्धी दे? वैजूला क्षमा कर? वैजूला कोणीतरी सोबतीला मिळू दे? एकेका टिंबामागे वेगळा बाप उभा आहे, मंडळी! बोट दाबलं की त्यांतला एक उरणार आणि बाकीचे जाणार. इतकी वर्षं जो प्रश्न पानावर बसून गिळला, त्याचं उत्तर एका बोटाच्या अंतरावर. तुम्ही काय केलं असतंत? मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

बोट खाली जायला लागलं.

तेवढ्यात बाहेर घंटा वाजली. कोणी नंदीपाशी वाकलं होतं, आणि मागचं कोणी वाजवत होतं, रोजच्यासारखं. घण, घण, घण. वैजूची मूठ आपोआप वळली. दोरी हातात असावी तशी. अण्णा वाकलेले, त्यांचा हात नंदीच्या कानावर, आणि आपण जीव खाऊन वाजवतो आहोत…

घंटा कोण वाजवत होतं? मी. मग झालं तर.

तिनं हात मागे घेतला.

सर म्हणाले, "वाचा ना. तुमच्याबद्दलच आहे ते."

"माझ्याबद्दल आहे, सर. मला सांगितलेलं नाही." मग ती म्हणाली, "अण्णांना मला जे सांगायचं होतं, ते त्यांनी सांगितलंय."

"काय सांगितलं?"

"पंख्याखाली बस म्हणाले."

सरांना काही कळलं नाही. तुम्हांला कळलं. दोन-चार पदर डोळ्यांना लागलेले मला इथून दिसताहेत. मलाही पाणी द्या जरा. …हं.

वैजूनं सुवर्णाला हाक मारली आणि म्हणाली, पुसून टाक. सुवर्णा म्हणाली, ताई, एकदा गेलं की परत येत नाही. वैजू म्हणाली, माहीत आहे. सुवर्णानं पुसलं. एकेक सोमवार गेला, एकेक वैजू गेली. पडदा पांढरा झाला. त्या पांढऱ्याकडे वैजू किती तरी वेळ बघत राहिली. सोपं होतं असं मी म्हणणार नाही. अजूनही तिला कधी रविवारी, कधी बसमध्ये, उगाच वाटत असेल की दाबलं असतं तर?

उठताना ती सरांना म्हणाली, नुसतं अण्णांचं नको, सगळ्यांचं पुसा. सर म्हणाले, समितीपुढे ठेवावं लागेल. ती म्हणाली, ठेवा, पण तोवर ती चौकट बंद करा. ती त्याच दिवशी बंद झाली. पुढे समितीनं सगळंच पुसलं, कंपनीला पत्र लिहिलं, लोकांनी जे सांगितलं ते परत करता येत नाही, निदान मिटवून टाका. कंपनीचं फार नम्र उत्तर आलं की मिटवलं. मिटवलं का? मला माहीत नाही. पिंपरोळीतल्या माणसांना मधूनमधून अजून नंदीचा फोन येतो म्हणतात. अण्णांच्या पांढऱ्या पडद्यामागेही कुठे, कोणाच्या मशीनमध्ये, ते सोमवार असतील. एकदा दुसऱ्याच्या हाती गेलेलं सगळंच्या सगळं माघारी येतं असं सांगून तुमचं समाधान करू कशी?

वैजू ऑफिसातून बाहेर आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मघाची माणसं खाली उतरून गेली होती. गुरव जेवायला गेलेला. फरशी तापलेली. ती नंदीपाशी गेली, लहानपणी जिथे हात पोचत नव्हता त्या पलीकडच्या कानावर हात ठेवला, वाकली… आणि गप्प राहिली. घंटा वाजवायला कोणी नव्हतं. आता घंटेशिवाय बोलायचं नाही हे तिला पक्कं कळलेलं. ती तशीच उभी राहिली. पाय पोळत होते. अण्णा असते तर म्हणाले असते, सावलीत ये.

खासनीस सर ऑफिसला कुलूप लावून बाहेर आले. छत्री उघडता उघडता त्यांनी तिला बघितलं. मग छत्री मिटली, चपला काढल्या, तापलेल्या फरशीवरून आले आणि तिच्या मागे उभे राहून त्यांनी दोरी धरली. घंटा एकदा वाजली, मग जरा चुकून वाजली, मग नीट वाजायला लागली.

आणि वैजू बोलली.

काय बोलली? मंडळी, मला कसं माहीत असणार? घंटा वाजत होती!

*एका कानी ठेविला हात,*
*दुज्या कानी मनोगत,*
*देवा राहू दे ते आत,*
*तुझ्यामाझ्यात.*

आता मघाचा प्रश्न. सांगितलेलं कोणाचं? आजी, तुम्ही बरोबर होतात. ज्यानं सांगितलं त्याचं. ऐकणाऱ्याचं काम दोरी धरायचं. तुमच्यापैकी कोणी ऑफिसात बसतं, कोणी दुकानात, कोणी शाळेत. लोकांची नावं, आजार, पत्ते, काळज्या तुमच्या हाताखालून जातात. उद्या कोणाकडे काही मागाल तेव्हा एवढंच मनाला विचारा, हे नंदीनं मागितलं असतं का? आणि मागितल्यावाचून हाती आलं, तर ते गटावर पुढे धाडायच्या आधी थोडा वेळ तापलेल्या फरशीवर उभे राहून बघा.

आणि आता शेवटचं. इथे नंदी नाही, घंटाही नाही. पण तुमच्या शेजारी जो बसला आहे, त्याच्याही मनात काही आहे. कोणाचा बाप आहे, कोणाची आई आहे, कोणाचा न विचारलेला प्रश्न आहे. तेव्हा आपण असं करू. मी गजर धरते. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, मोठ्यानं, स्वतःसाठी नाही, शेजारच्यासाठी. त्याला काय सांगायचं ते तो त्या आवाजात सांगेल. तुम्ही ऐकायचं नाही. नुसतं वाजवायचं.

बाळ, झांज घे. ताल चुकला तरी चालेल. थांबू मात्र नको.

मलाही आज थोडं सांगायचं आहे.